बिनअक्षराची गाडी

चीनमध्ये आगगाडीच्या क्रमांकाआधी एक अक्षर छापलेलं असतं आणि ते पाहून प्रवासी आपल्या दिवसाचा हिशेब मांडतो. ‘जी’ असेल तर गाडी ताशी तीनशे-साडेतीनशे किलोमीटरनं जाणार. ‘डी’ तिच्या खालोखाल. ‘झेड’ आणि ‘टी’ लांब पल्ल्याच्या, रात्र गाडीत काढायला लावणाऱ्या. ‘के’ त्यांच्याहून निवांत, वाटेत बरीच स्टेशनं घेत जाणारी. आणि काही गाड्यांच्या वाट्याला अक्षरच आलेलं नाही, नुसता चार आकडी क्रमांक. पुण्याच्या एका जोडप्यानं २०१९च्या सप्टेंबरात पाठीला सॅक लावून चीनमध्ये फिरायचं ठरवलं, तेव्हा तिकिटं काढताना एकच पथ्य पाळलं. सगळ्या गाड्या ‘जी’ घ्यायच्या नाहीत.

दोघंही साठीकडे झुकलेले. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, तो बँकेतून. तिनं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कामचलाऊ चिनी शिकून घेतली होती. स्टेशनांच्या पाट्या आणि खानावळीतल्या याद्या वाचता येण्यापुरती. त्याचं शिक्षण वेगळ्या जागी झालेलं. तो कर्जतचा. त्याचे वडील रेल्वेत, घाटाच्या बँकर इंजिनांवर. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून इंजिनं लागतात आणि मग ती बोरघाट चढते, हे बघतच तो मोठा झाला. बटाटेवडा हातात घेऊन फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशांना त्या थांब्याचं कारण क्वचितच ठाऊक असतं. त्याला ते शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

अनंत चतुर्दशी झाली की निघायचं, असं ठरलं. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्याला लागून आठवडाभर सुट्टी असते आणि त्या आठवड्यात सगळा देश गाडीत बसलेला असतो. त्याच्या आत मोठी शहरं मागे टाकायला हवी होती.

बीजिंग पश्चिम स्टेशनात शिरताना विमानतळावर असल्यासारखं वाटतं. सामान क्ष-किरणांच्या यंत्रातून, माणसं चौकटीतून, पासपोर्ट पुन्हापुन्हा हातात. तेव्हाच्या कागदी तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा क्रमांक छापलेला. फलाटावर आधी जाताच येत नाही; वरच्या मजल्यावरच्या प्रचंड दालनात बसून राहायचं, गाडीच्या थोडं आधी फाटक उघडतं आणि सुटायच्या काही मिनिटं आधी बंदही होतं. त्यामुळे फलाटावर पोहोचवायला आलेलं कुणीच नसतं. खिडकीच्या गजांतून हात घालून शेवटचं काहीतरी सांगणारी मावशी नाही, गाडीबरोबर चार पावलं धावणारा भाऊ नाही. शिस्त म्हणून हे उत्तम आहे. पण निरोपाची जागा फलाटावरून रस्त्यावरच्या दरवाज्यापाशी गेली, की प्रवासाची सुरुवातच थोडी कोरडी होते, हे त्या दोघांना तिथं प्रथम जाणवलं आणि शेवटपर्यंत जाणवत राहिलं.

पहिला टप्पा ‘जी’नंच. बीजिंग ते ग्वांगझौ हा २,२९८ किलोमीटरचा वेगवान मार्ग डिसेंबर २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि त्यावरचं पहिलं मोठं शहर शिजियाझुआंग. अंतर २८१ किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास. बाहेर सपाट शेतं, कापणीला आलेला मका, छपरांवर वाळत घातलेली पिवळी कणसं आणि मधूनच शेतातून एकदम उगवलेली तीस मजली इमारतींची रांग. पर्यटक या शहरात सहसा उतरत नाही. जुना राजवाडा नाही, तटबंदी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन रेल्वेमार्ग इथं एकत्र आले आणि एका खेड्याचं शहर झालं, इतकाच त्याचा जुना इतिहास.

“सोलापूरच्या माणसाला भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही,” हे तिनं घरीच सांगून ठेवलं होतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मृतिउद्यानात आहे, कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या परिसरातच. १९३८ साली काँग्रेसनं युद्धात सापडलेल्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मुदत संपल्यावरही थांबले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. १९४१ साली त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले. आपल्याला हे सगळं माहीत आहे ते बहुतेक शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे. पण चित्रपट जिथं संपतो त्याच्या पुढेही छिंगलान यांचं मोठं आयुष्य होतं. त्या २०१२ पर्यंत जगल्या, भारतात अनेकदा आल्या, कोटणीसांच्या घरच्यांशी नातं राखून राहिल्या. मुलगा मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच, पंचविशीही न गाठता वारला.

उद्यानात सकाळी फिरायला आलेली म्हातारी माणसं होती. समाधीपाशी ताजी फुलं. एका आजोबांनी या दोघांच्या सॅकांकडे पाहिलं, कुठून आलात विचारलं, उत्तर ऐकलं आणि कोटणीसांचं चिनी नाव घेतलं: “के दिहुआ.” मग तिचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ काही बोलले. तिला त्यातलं निम्मं कळलं. नवऱ्यानं काय म्हणाले विचारल्यावर ती म्हणाली, “अहो, ते सोलापूर कुठं आहे विचारतायत. नकाशा काढा.”

तिथून पश्चिमेला तायहांग पर्वत लागतो. गाडी जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते आणि काही मिनिटांत पलीकडे शानशी प्रांतात निघते. पर्वत ओलांडला हे फक्त कानांना कळतं. पिंगयाओला ते एक रात्र राहिले. तटबंदीच्या आतलं हे गाव १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे दिवसा तिथं पर्यटकांशिवाय काही दिसत नाही. पहाटे मात्र गल्ल्या झाडणारे आणि दुकानांच्या फळ्या काढणारे दिसतात. १८२३ साली इथं रिशंगछांग नावाची पेढी निघाली. व्यापाऱ्यानं एका शहरात चांदी भरायची, कागद घ्यायचा आणि तो दूरच्या शहरात वटवायचा. बँकेत नोकरी केलेला तो माणूस त्या पेढीच्या अंगणात इतका रमला, की बाकीचं गाव तिनं एकटीनं पाहिलं. आपल्याकडच्या हुंडीशी हे किती जुळतं, हे तो तिला जेवताना सांगत राहिला.

शीआन मोठं आहे आणि त्याच्याबद्दल लिहिलंही खूप गेलं आहे. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडलेले मातीचे सैनिक त्यांनी पाहिले, मिंगकाळातल्या चौदाएक किलोमीटरच्या तटावर भाड्याच्या सायकली चालवल्या. पण त्यांना खिळवून ठेवलं ते एका उंच, विटांच्या, तपकिरी मनोऱ्यानं. ह्युएनत्संग भारतातून ६४५ साली परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा मनोरा बांधायला घेतला गेला. हा भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं त्यानं वर्णन केलं, ते अजिंठाच असावं असं अभ्यासक मानतात. शाळेत ‘चिनी प्रवासी’ म्हणून एका ओळीत पाठ केलेला हा माणूस किती मोठा होता, हे त्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना कळतं. तो इतकं सगळं आणायला गेला आणि परतल्यावर उरलेलं आयुष्य भाषांतरात घालवलं.

शीआनच्या मुस्लीम मोहल्ल्यात मटणाच्या रश्शाचा एक पदार्थ मिळतो. वाडगा समोर येतो तो रिकामा. सोबत दोन जाड, पांढऱ्या, कडक भाकऱ्या. त्या गिऱ्हाइकानं स्वतः मोडायच्या. हातानं, वाटाण्याएवढे तुकडे होईपर्यंत. त्यानं सवयीनं, तांबड्या रश्शात भाकरी कुस्करतात तसे ओबडधोबड तुकडे केले आणि वाडगा पुढे सरकवला. वाढणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि परत त्याच्यापुढे ठेवला. अजून बारीक. शेजारच्या टेबलावरचे लोक गप्पा मारत, वाडग्याकडे न बघता, नखांनी तुकडे पाडत होते. त्यांना अर्धा तास लागला तरी चालणार होतं. बारीक झाल्याशिवाय रस्सा आतपर्यंत मुरत नाही, हे कारण. वाडगा मग आत जातो, रश्शात उकळून परत येतो, आणि आपलाच वाडगा आपल्याकडे यावा म्हणून त्यावर क्रमांकाची चिठ्ठी असते. ती मांस खात नाही. तिनं मिरचीच्या तेलातले रुंद नूडल्स मागवले आणि त्याच्या वाडग्यासाठीही थोडे तुकडे पाडून दिले.

शीआनहून चेंगदूला ‘जी’ आणि ‘डी’ दोन्ही गाड्या जातात. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला तो मार्ग चिनलिंग पर्वत बोगद्यांमधून सरळ कापतो आणि तीन-चार तासांत पोहोचवतो. तांग काळातल्या कवी ली बाईनं ज्या वाटेच्या अवघडपणावर कविता लिहिली, ती हीच. या दोघांनी तो मार्ग सोडला आणि दुपारची ‘के’ धरली, बाओजीवरून जाणारी, रात्रभर चालणारी. कारण कर्जत.

बाओजी–चेंगदू मार्ग १९५८ मध्ये वाहतुकीला खुला झाला. ६६९ किलोमीटरच्या मार्गावर तीनशेहून अधिक बोगदे. बाओजी सोडलं की पर्वत समोर भिंतीसारखा येतो आणि रूळ हजारी तीसच्या चढानं वर जाऊ लागतात, म्हणजे दर तेहेतीस मीटरला एक मीटर. बोरघाटाचा चढ सदतीसला एक आहे. त्यालाच आपण मागून इंजिनं लावतो. वाफेच्या इंजिनांना हा चढ आणि बोगद्यांमधला धूर पेलवेना, म्हणून हा टप्पा विजेवर नेला गेला. १९६१ साली बाओजी–फेंगझौ हा चीनचा पहिला विद्युत रेल्वेमार्ग झाला. थेट वर चढणं अशक्य असल्यामुळे रूळ डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालासारखी वळणं घेतात, एका ठिकाणी स्वतःलाच ओलांडतात. खिडकीतून खाली पाहिलं तर थोड्या वेळापूर्वी जिथून गाडी गेली तेच रूळ दिसतात, मग आणखी खाली तेच पुन्हा.

तो कॉरिडॉरमधल्या घडीच्या खुर्चीवर बसून होता. एका वळणावर समोरून मालगाडी उतरत आली. पुढे इंजिन, शेवटी इंजिन. तो उभाच राहिला. मागचं इंजिन दिसेनासं होईपर्यंत काचेला नाक लावून पाहत होता. मग खाली बसून त्यानं तिला सांगितलं, की उतारावर मागच्या इंजिनाचं काम चढणीइतकंच जोखमीचं असतं. ब्रेक कसा वाटून घ्यायचा हे दोन चालकांनी एकमेकांना न बघता ठरवायचं असतं. बाबा घरी याबद्दल बोलायचे नाहीत; पावसाळ्यात रात्रपाळी असली की आई झोपायची नाही.

संध्याकाळी गाडी चिनलिंग नावाच्याच स्टेशनावर चढून पोहोचली. आता भूगोलाच्या बाईंची पाळी होती. इथून उत्तरेला पडलेलं पाणी पीत नदीकडे जातं, दक्षिणेला पडलेलं यांगत्सेकडे. जानेवारीतल्या शून्य तापमानाची रेषा आणि आठशे मिलिमीटर पावसाची रेषा साधारण याच पर्वतावरून जातात. उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. इतकंच काय, हिवाळ्यात घराघरांत सरकारी उष्णता पुरवायची ती कुठपर्यंत, हेही १९५०च्या दशकात याच रेषेवर ठरलं. चेंगदूचे लोक म्हणूनच थंडीत घरातही कोट घालून बसतात. तीस वर्षं फळ्यावर काढलेली पाणलोटाची रेषा तिच्या पायाखाली होती. गाडी पलीकडे उतरू लागली आणि रुळांच्या कडेला एक ओहोळ दिसला. चियालिंग नदी, उगमाजवळची.

या डब्यांना ‘हार्ड स्लीपर’ म्हणतात. नावात कठीण असलं तरी गादी, उशी, पांघरूण सगळं मिळतं. एका खणात समोरासमोर, एकावर एक तीन-तीन असे सहा बर्थ, दरवाजा नाही. खालचा बर्थ महाग, मधला थोडा स्वस्त, वरचा सगळ्यांत स्वस्त. तिथं ताठ बसता येत नाही, म्हणून हा फरक, आणि तो रास्त आहे. दिवसा खालच्या बर्थवर सगळे बसतात, ही रीत मात्र आपल्यासारखीच. डब्याच्या टोकाला चोवीस तास उकळत्या पाण्याचा बंब. ज्याच्या हातात फ्लास्क नाही असा माणूस डब्यात नव्हता. सूर्यफुलाच्या बिया सोलण्याचा आवाज, नूडल्सच्या डब्यांचा मसालेदार वास, मुलं शिडीवरून वरखाली. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी आपल्या सुनेची सगळी हकीकत तिला सांगितली. दहाला दिवे गेले.

त्याआधी डब्याची अटेंडंट कातडी वही घेऊन आली होती. तिनं प्रत्येकाचं कागदी तिकीट काढून घेतलं, वहीच्या बर्थनिहाय खणात ठेवलं आणि बदली एक छोटं पत्र्याचं कार्ड दिलं. पहाटे, ज्याचं स्टेशन जवळ आलं त्याला ती पांघरुणावरून हलकेच थोपटून उठवत होती, कार्ड घेत होती, तिकीट परत देत होती. गजर लावायला नको, अंधारात पाटी वाचायला नको. कोण कुठं उतरणार हे एका माणसाला ठाऊक असतं आणि ती जबाबदारी त्याची असते. ई-तिकिटं आल्यावर या देवाणघेवाणीची गरज उरली नाही, हे उघड आहे. तरी तिच्याइतकी माणसाची वास्तपुस्त करणारी पद्धत दुसऱ्या कुठल्या रेल्वेत क्वचितच असेल.

चेंगदूत त्यांनी पीपल्स पार्कमधल्या १९२३ सालच्या चहाघरात वेताच्या खुर्च्यांवर सकाळ घालवली, आणि रात्रीच्या गाडीनं दक्षिणेला निघाले. ज्या गाडीसाठी सगळा घाट घातला होता ती शीचांगला मिळणार होती.

चेंगदू–कुनमिंग हा सुमारे अकराशे किलोमीटरचा जुना मार्ग १९७० मध्ये सुरू झाला. चारशे सत्तावीस बोगदे. सपाट जागाच नसल्यानं चाळीसएक स्टेशनं बोगद्यात किंवा पुलावर बांधावी लागली. तो घालताना दोन हजारांहून अधिक माणसं दगावली. रुळांच्या कडेनं त्यांची स्मशानं आहेत. या मार्गाचं हस्तिदंतात कोरलेलं शिल्प चीननं १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलं. भेट दिलेल्या शिल्पात पूल दिसतात, बोगदे दिसतात. आत बसणारी माणसं पाहायची तर ५६३४ क्रमांकाची गाडी पकडावी लागते.

ही पानझिहुआहून पुशिओंगला जाणारी. उलट दिशेनं तिचाच क्रमांक ५६३३. हिरवे डबे, ‘यी’ लोकांच्या लियांगशान डोंगरातून जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर थांबत जाणारी. सर्वांत कमी भाडं दोन युआन, तेव्हाच्या हिशेबानं वीस रुपये. सगळा मार्ग केला तरी तीस युआनच्या आत. १९९५ पासून हे दर बदललेले नाहीत. एका डब्यातली बाकं काढून टाकली आहेत, शेळ्या, डुकरं, कोंबड्या आणि भाजीच्या पाट्यांसाठी. ज्या शीचांगच्या प्रक्षेपणतळावरून २०१८च्या डिसेंबरात चांग-अ ४ हे यान उडालं आणि जानेवारीत चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं, त्याच शीचांगच्या फलाटावर रुंद घेराचे घागरे आणि डोक्यावर काळी घडीची वस्त्रं घातलेल्या बायका बटाट्यांची पोती गाडीत चढवत होत्या.

चीनच्या वेगवान गाड्यांचं कौतुक जगभर होतं आणि ते योग्यच आहे. २०१९ अखेर ते जाळं पस्तीस हजार किलोमीटरवर गेलं होतं. पण अशा संथ, तोट्यातल्या, गावकऱ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या एक्क्याऐंशी जोड्या गाड्याही तिथं धावतात, याचं कौतुक त्याहून जास्त व्हायला हवं. बाजाराला जाणारी बाई, शनिवारी घरी परतणारा वसतिगृहातला मुलगा, दवाखान्यात निघालेला म्हातारा, यांना तीनशेचा वेग नको असतो. त्यांना गाडी आपल्या गावाला थांबायला हवी असते. आपल्याकडे विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची ‘शकुंतला’ कापसासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरून गावोगाव थांबत जायची. ती बंद पडली. तिच्या जाण्यानं किती गावांचा बाजार लांबला, याची मोजदाद कुणी करत नाही.

त्या दोघांच्या बाकासमोर एक यी आजी, तिची शाळकरी नात आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली कोंबडी. आजीला चिनी येत नव्हतं. नातीला छान येत होतं. तिकीट तपासणारा तरुण कर्मचारी दोन्ही बोलायचा, तो येताजाता दुभाष्या झाला. त्यानं विचारलं, परदेशी लोक या गाडीत कशाला? कर्जतकरानं मोबाइलवर वडिलांच्या इंजिनाचा जुना फोटो दाखवला. फोटो बाकाबाकांवरून फिरून आला. आजीनं खिशातून उकडलेले बटाटे काढले, सोलून भूगोलाच्या बाईंच्या हातावर ठेवले, वर मीठ-मिरची. मग प्रश्न सुरू झाले. भारतात गाडीचं सगळ्यांत कमी भाडं किती? गाडी डोंगरातून जाते का? मुलं शाळेला गाडीनं जातात का? तो सांगू लागला, आमच्या मुंबईच्या लोकलमध्ये एक वेगळा डबा असतो, त्यातून मासे जातात, भाज्या जातात, डबेवाले जातात. ती त्याचं चिनी करत होती, अडली की नात पुढचा शब्द सुचवत होती, कर्मचारी तो यी भाषेत मागच्या बाकापर्यंत पोहोचवत होता.

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. शेळी चढू देतात का?